लोककथेच्या चॅलेंजमध्ये पहिल्यांदाच उतरतोयस ना?

चित्र आणि गोष्ट दोन्ही द्यायची म्हटलं की नवखा माणूस आधी चित्र रंगवून मोकळा होतो आणि मग त्याला गोष्ट चिकटवत बसतो. तू उलटं कर. आधी गोष्ट कुणाच्या तरी तोंडून ऐक. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या घरात आजी मराठीत सुरू करते आणि राक्षस आला की कानडीत शिरते. ते तसंच ठेव, सारखं करायला जाऊ नको. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात बेळगावात शिकवत होते, तेव्हा कानडी लोककथा त्यांनी अशाच ऐकून गोळा केल्या.

चित्राला प्रसंग एकच घे. खानापूरजवळ नंदगडला, इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी वडाला लोक मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. नवखे तिथं रायण्णाची १८३१ ची फाशीच काढायला धावतात. घोडे, तलवारी, सगळा लवाजमा. मला विचारशील तर पाळणा बांधणारी बाई काढ. इरकलीचा लाल पदर, त्यावरची पांढरी नक्षी, गाठ मारताना दातात धरलेली दोरी. निम्मी गोष्ट तिथंच सांगून होते.

जातं काढलंस तर खुंटा कडेला दाखव, मधल्या तोंडात दाणे पडतात. (काहींनी काढलेलं जातं बघून पीठ कसं पडणार असा प्रश्न पडतो!) 'आटपाट नगर होतं' चालेल, पण दुसऱ्या ओळीत कुणीतरी काहीतरी करायला हवं. आणि मुदतीच्या आदल्या रात्री आजीला फोन लावू नको, ती नऊलाच झोपते.