पप्पा मुंबईत आले आणि गप्प झाले

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुला-सुनांची एक तक्रार मला आता तोंडपाठ झाली आहे. ‘गावाकडून इथं आणलं, कशाची कमी ठेवली नाही, पण दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. डिप्रेशन असेल का? की विसरायचा आजार सुरू झालाय?’ विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि तिच्या तळाशी थोडा रागही. आम्ही एवढं करतो, मग यांचं बिनसलंय कुठं?

त्यातलीच एक हकिगत सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सत्तरीचे गुरुजी. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी आणि गणित शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले. रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची, तीही तरुणपणापासून. त्या भागातल्या मराठी ख्रिस्ती उपासनेत पेटी-तबल्याला किती मान असतो, ते बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांची गीतं तिथं आजही भजनाच्या अंगानं गातात. पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बदल्या होत राहिल्या, पेटीवर मात्र गुरुजीच. लग्न असो, मयत असो की नाताळची फेरी, ‘गुरुजी आले का?’ विचारल्याशिवाय गाणं सुरू होत नसे. पत्नी वारल्यावर मुलानं त्यांना चेंबूरला आणलं.

सुनेनं कागदावर सगळं लिहूनच आणलं होतं. टीव्हीसमोर बसतात, पण काय चाललंय ते सांगता येत नाही. फोन घेत नाहीत. ‘सातला निघायचंय’ म्हटलं तर आठला तयार होतात. सुरुवातीचे काही रविवार चर्चला आले, मग गुडघ्याचं कारण सुरू झालं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं होतं, दोन्ही ठीक. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं, तर म्हणाले, ‘मी गेलो काय, न गेलो काय.’

गुरुजी माझ्यासमोर बसले ते हसतमुख. प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो.’ मी वहीत बघत विचारलं की उत्तर हमखास भलतंच यायचं, मान वर करून विचारलं की बरोबर. मी पंखा बंद केला, खुर्ची पुढं ओढली. गप्पा एकदम सुधारल्या.

सून बाहेर गेल्यावर चर्चचा विषय काढला. ‘इथली पेटी बेसूर आहे,’ ते म्हणाले. मी काहीच बोलले नाही. मग बोटांनी टेबलाची कड चाचपत म्हणाले, ‘पेटी नाही हो मॅडम. मीच. वरच्या सप्तकात गेलं की सूर विटल्यासारखा लागतो. जन्मभर लोकांना सूर दिला, आता हे कुणाला सांगू?’

गुडघे दुखण्यामागचं खरं कारण हे होतं.

वयानं ऐकू कमी येतं तेव्हा आवाज सरसकट बारीक होत नाही. आधी उंच पट्टीतले आवाज जातात. भाषेत स, श, फ, थ ही व्यंजनं तिथंच असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, म्हणून ‘सात’चा ‘आठ’ होतो. गलक्यात तर काहीच लागत नाही, आणि मुंबईत गलका नाही कुठं? काहींना एकच सूर दोन कानांत किंचित वेगळाही ऐकू येतो. बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही, पेटीवाल्याची मात्र झोप उडते.

मी त्यांना वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत पाठवलं. १९८३ पासून वाक्-श्रवणाचं काम करणारी ही संस्था मुंबईकरांनाच माहीत नसते. दोन्ही कानांत उंच पट्टीची श्रवणहानी निघाली, उजव्यात जास्त.

श्रवणयंत्र बसलं आणि लगेच रुसवा. घरी बरं, चर्चमध्ये कानातून काढून खिशात. इथं बरेच जण यंत्राचा नाद सोडतात. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. पेटीचा लांब धरलेला सूर त्यांना स्वतःचीच शिट्टी वाटते, ते तो दाबायला जातात आणि सूर थरथरतो. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून यंत्र जुळवणाऱ्या तज्ज्ञाला, ‘मी पेटी वाजवतो’ हे सांगावं लागतं, मग संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून देता येतो. गुरुजींनी ते सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला पेटी घेऊन गेले.

म्हणजे मनाचं काहीच नव्हतं, असं नाही. झोप, भूक, जगण्याचा कंटाळा हे सगळं मी विचारलंच. पत्नीचं दुःख होतं, त्यावर आम्ही बरेच महिने बोललो. तुमच्या घरचं माणूस जेवण टाळत असेल, मरणाचं बोलत असेल, तर आधी कान तपासू म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेला १४४१६ वर फोन लावा.

चर्चच्या पाळकसाहेबांना गुरुजींनी स्वतःच कानाचं सांगितलं. मी नुसता आग्रह धरला होता. आता शनिवारी दुपारी, हॉल रिकामा असतो तेव्हा, ते संडे स्कूलच्या पोरांना पेटी शिकवतात. उशीर झाला तर पोरं घरी फोन करतात. संघात जे मिळत नव्हतं ते हेच. रविवारच्या उपासनेत ते अजून वाजवत नाहीत. सुनेला वाटतं वाजवावं. मी तिला म्हटलं, घाई करू नकोस.

शेवटच्या भेटीत तिनं विचारलं, ‘त्यापेक्षा गावीच पाठवू का यांना?’ मी म्हटलं, हा प्रश्न त्यांना विचार. समोर बसून, टीव्ही बंद करून, आणि ‘हो, हो’ म्हणाले तर पुन्हा विचार. तिनं विचारलं. नाताळात आठ दिवस जाऊ द्या, म्हणाले, आणि परतीचं तिकीटही आत्ताच काढायला सांगितलं.