ऊस हिरवा का येईना?

प्रश्न: ताई, मी राजारामपुरीत राहतो, रिटायर झाल्यावर वॉटरकलर सुरू केलंय. पन्हाळ्याच्या रोडला बसून उसाचं रान काढत होतो, निळ्यात पिवळा घातला तर हिरवा आला खरा पण मळका, शेवाळासारखा. तीनदा केलं, तीनदा तसंच. हात चुकतोय का रंग?

उत्तर: काका, हात बरोबर आहे, निळा चुकलाय. तुम्ही लिहिलं नाही पण बहुतेक अल्ट्रामरीन घेतला असणार. त्याच्यात मुळातच तांबडी झाक असते आणि पिवळा जर डीप यलोसारखा केशरीकडं झुकणारा असला तर त्यातनं पण तांबडं आलंच, म्हणजे तुम्हाला वाटतं दोनच रंग मिसळले पण तिसरा गुपचूप आत शिरलेला असतो आणि तांबडा हिरव्याला मारतो. कोवळ्या उसाचा पोपटी पाहिजे तर लेमन यलो आणि थॅलो ब्लू घ्या, प्रशियन पण चालतो. पण थॅलो लई जहाल! आधी पिवळा घ्यायचा, मग त्यात ब्रशच्या टोकानं निळा, उलटं केलं की अर्धी ट्यूब पिवळा ओतला तरी निळाच राहतो (मी ओतलाय).

ट्यूबवरच्या नावावर जाऊ नका, पिगमेंटचा म्हणजे आतल्या मूळ रंगद्रव्याचा कोड वाचा (पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू). पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २७ प्रशियन, पीबी १५ थॅलो, कंपनी कुठलीही असो. नावापुढं ह्यू लिहिलं असेल तर मूळ पिगमेंटच्या जागी बहुतेक दुसरं काहीतरी घातलेलं असतं.

अल्ट्रामरीन फेकू नका हां. त्यात बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी घाला, अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड मिळतो, निळा वाढवला की सावलीतला आणि सिएना वाढवला की उन्हातला, ट्यूबमधला काळा त्याच्यापुढं अगदी मेल्यासारखा दिसतो.

आणि पुढं कधी जोतिबाची यात्रा काढणार असाल तर आत्ताच सांगते, तांबडा-पांढरा ताटात बरा, त्यातनं गुलाल होत नाही. व्हर्मिलियनमध्ये, म्हणजे शेंदरी तांबड्यात, पिवळी झाक असते, पांढरा घातला की पीचसारखा होतो. गुलालाला मॅजेंटा नाहीतर क्विनॅक्रिडोन रोज, तो पण पाण्यानंच पातळ करायचा.

तो मळका हिरवा आहे ना, तो बांधावरच्या झाडांच्या सावलीला वापरा, तिथं पोपटी घातला तर प्लॅस्टिकचं झाड दिसतं.