वाचकांचे प्रश्न : मुंबई विद्यापीठ, महाविद्यालय आणि पदवी

प्रश्न : लोकमान्य टिळक शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मग त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची कशी?

उत्तर : कारण तेव्हा पुण्याला वेगळं विद्यापीठच नव्हतं. १८५७ साली कोलकाता (२४ जानेवारी), मुंबई (१८ जुलै) आणि मद्रास (५ सप्टेंबर) ही तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. ती शिकवत नसत. शिकवायचं कॉलेजांनी, अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि पदवी देणं हे विद्यापीठाचं काम. मुंबईचा कारभार सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता. गांधीजी १८८७ मध्ये अहमदाबादेत मॅट्रिक झाले, ती परीक्षाही याच विद्यापीठाची.

पहिली मॅट्रिक १८५९ ची आणि बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची. तीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघे होते. भांडारकर तर पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर पुण्याची कॉलेजं तिकडे गेली. आज मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सात जिल्हे मुंबई विद्यापीठाकडे आहेत.

प्रश्न : नामवंत माजी विद्यार्थी तर कॉलेजांचे. विद्यापीठाची स्वतःची कामगिरी कोणती?

उत्तर : प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. आमच्या मते ती कामगिरी विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत शोधावी. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. भारतीय समाजशास्त्राची एक अख्खी पिढी या एका विभागानं घडवली. एवढं दुसऱ्या कोणत्याही विभागाबद्दल म्हणता येईल असं आम्हाला वाटत नाही.

दुसरं नाव माटुंग्याच्या यूडीसीटीचं. १९३३ मध्ये विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली. मनमोहन शर्मा आणि रघुनाथ माशेलकर हे रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या नामांकित विज्ञानसंस्थेचे दोन फेलो तिथलेच विद्यार्थी. मात्र २००८ मध्ये ती संस्था अभिमत, म्हणजे स्वतःच पदव्या देणारं, विद्यापीठ झाली (आजची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), त्यामुळे तिचं त्यानंतरचं यश मुंबई विद्यापीठाच्या खात्यात धरू नये. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम यांचंही तसंच. ही कॉलेजं २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. डॉ. आंबेडकरांची एल्फिन्स्टनमधून मिळालेली बी.ए. मुंबई विद्यापीठाची होती. आज तिथे प्रवेश घेणाऱ्याला पदवी दुसऱ्या विद्यापीठाची मिळते.

प्रश्न : विद्यापीठाला नॅकचा (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) ‘ए++’ दर्जा आहे. म्हणजे आमच्या गावचं संलग्न कॉलेजही त्याच दर्जाचं ना?

उत्तर : नाही, आणि प्रवेशाच्या वेळी हीच गफलत महागात पडते. २०२१ मध्ये मिळालेले ४ पैकी ३.६५ गुण विद्यापीठाचे विभाग आणि संकुलं तपासून दिलेले आहेत. संलग्न कॉलेजाचं मूल्यांकन स्वतंत्र होतं. कॉलेजाला त्याचं स्वतःचं नॅक प्रमाणपत्र मागा आणि मुदत संपलेली नाही ना ते बघा. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल त्याच्याच हातात असतात. विद्यापीठ फक्त पदवी देतं.

प्रश्न : अपेक्षेपेक्षा खूप कमी गुण पडले. गुण पुन्हा तपासून घेण्यासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा?

उत्तर : आधी परीक्षा कोणी घेतली ते पाहा. पारंपरिक पदवीच्या सुरुवातीच्या सत्रांची परीक्षा विद्यापीठाच्या वतीनं कॉलेजच घेतं, म्हणून तो अर्ज कॉलेजात जातो. शेवटच्या वर्षाचा अर्ज विद्यापीठाकडे. चुकीच्या दारात गेलेला वेळ परत मिळत नाही, कारण मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती तोकडी असते.

थेट पुनर्मूल्यांकन मागू नका, आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्या. ती आली की पहिल्या पानावरचा बैठक क्रमांक आपलाच आहे का, सगळी पानं आणि घेतली असेल तर पुरवणी त्यात आहे का, हे तपासा. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला सुरुवात झाली, तेव्हापासून हे पाहणं जास्तच गरजेचं झालं आहे. मग प्रत्येक उपप्रश्नाला गुण दिलेत का ते बघून बेरीज स्वतः करा. बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचंच राहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम असते. ‘उत्तर चांगलं होतं, गुण कमी दिले’ एवढ्यावर मात्र फारशी आशा धरू नये. अंतर्गत, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेच्या गुणांना पुनर्मूल्यांकन नसतं, म्हणून अंतर्गत गुणांबद्दल शंका असेल तर सत्र संपायच्या आत विभागप्रमुखांना लेखी कळवा.

प्रश्न : परदेशी जाण्यासाठी ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं प्रमाणित केलेला उतारा) हवं आहे. काय जोडावं?

उत्तर : सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, केटी लागलेल्या (विषय राहून परीक्षा पुन्हा दिलेल्या) प्रयत्नांच्याही. पासपोर्टवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच सोडवा. परदेशासाठी पदवी पडताळणाऱ्या मूल्यांकन संस्थेला कागद थेट विद्यापीठाकडून हवे असतील तर अर्जात तिचा पत्ता आणि तुमचा संदर्भ क्रमांक नक्की लिहा.

प्रश्न : नव्या शैक्षणिक धोरणाच्या पद्धतीत मध्येच शिक्षण सोडलं तर?

उत्तर : महाराष्ट्रात पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ क्रेडिट (अभ्यासाचं मोजमाप करणारी एककं) आणि शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप झाली की प्रमाणपत्र, ८० ते ८८ आणि तेवढीच भर घातली की पदविका, १२० ते १३२ ला तीन वर्षांची पदवी आणि १६० ते १७६ ला ऑनर्स. क्रेडिट अकॅडमिक बँकेत (क्रेडिटची नोंद ठेवणारं ऑनलाइन खातं) जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. त्यासाठी बँकेचा १२ अंकी क्रमांक काढून कॉलेजाला द्यावा लागतो. तिथलं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत, म्हणून पहिल्याच सत्रात खातं उघडून पाहा.