पहिला पेपर कुठे पाठवू?

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी इंदुरात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते आहे. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली तर सोयाबीनच्या पानांत काय बदल होतात, हा माझा विषय. गेल्या खरिपाची निरीक्षणं हाताशी आहेत. एका जर्नलचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : बारा हजार भरा, आठवड्यात पेपर छापतो. बाबा पैसे द्यायला तयार आहेत. एक सीनियर म्हणते, ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’सारखी जर्नल्स नव्या संशोधकांना हात देतात. ती मदत आमच्यासारख्यांसाठी असते का?
– एक संशोधक विद्यार्थिनी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बाबांना सांग, ते पैसे बँकेतच राहू देत. आठवड्यात छापतो म्हणणारा तुझा पेपर वाचणारच नाही. तू अख्खा पावसाळा चिखलात उभी राहून जे मोजलंस, ते जाणत्या माणसाने वाचून त्यावर चार प्रश्न विचारायला हवेत. शिवाय घाई कशाची? प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीने 2022च्या नियमांत काढून टाकली. काही विद्यापीठं आपली अट ठेवतात, तेवढं विभागात विचारून घे.

आणि हो, ती मदत तुझ्यासाठीही आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी 1902 साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ काढलं तेव्हा ते स्वतःच तिशीतले होते. टिपणं, शंका, मतभेद मोकळेपणी मांडायला जागा हवी, म्हणून काढलं. ‘इकोसिस्टिम’ ही कल्पना पुढे 1935 मध्ये मांडणारे तेच. आज हे जर्नल एक ना-नफा संस्था चालवते आणि वर्गणीच्या वाटेने, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांनाच वाचता येईल असा, पेपर छापला तर लेखकाकडून पानांचे पैसे घेत नाही. टॅन्सली यांच्या नावाचं पदक फक्त नव्या संशोधकांसाठी आहे. त्याची रीत मला फार पटते : आधी सारांश मागवतात, निवडलेल्यांकडून छोटा आढावा लेख लिहून घेतात आणि तो रीतसर तपासून छापतात. पदक मिळालं नाही तरी लेख हाती राहतो. ‘द प्लांट सेल’ हे अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संस्थेचं जर्नल. तिथे तरुण मंडळींना सहायक फीचर्स एडिटर म्हणून घेतात. नव्या पेपरमध्ये काय सापडलं ते त्यांनी सोप्या भाषेत थोडक्यात लिहायचं. दुसऱ्याचा पेपर असा उलगडून लिहिला की आपला कसा लिहावा हे आपोआप कळू लागतं. अर्ज मागवतात तेव्हा जरूर कर.

पण मी जर्नलची परीक्षा पदकांवरून करत नाही. ते वेळ देतं का, ते बघते. सोयाबीनवर काम करणाऱ्याला हे सगळ्यात आधी कळायला हवं. रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा, म्हणणार, एका हंगामाची आकडेवारी पुरत नाही, आणखी एक हंगाम हवा. रिव्हिजनला, म्हणजे पेपर सुधारून द्यायला, मिळणार दोन-तीन महिने. आपल्याकडे पेरणी जूनच्या अखेरीस, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि पत्र येतं बहुधा डिसेंबरात! इथे बरीच मुलं रडकुंडीला येऊन पेपर मागे घेतात. तसं करू नकोस. त्याच दिवशी एडिटरना पत्र लिही : पीक खरिपाचं आहे, पेरणी अमुक आठवड्यात, काढणी अमुक महिन्यात, आकडे तमुक तारखेपर्यंत देईन, तोवर बाकीच्या मुद्द्यांची उत्तरं ही अशी. चांगला एडिटर मुदत वाढवतो. फार वेळ लागणार असेल, तर नव्याने पाठवा, आम्ही बघू, असं निदान स्पष्ट सांगतो. काहीच उत्तर आलं नाही, तर त्या जर्नलकडे पुन्हा वळू नकोस.

दुसरं, पेपर वाचणारा माळव्यात कधी आलेला नसेल. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, म्हणून पाऊस थांबल्यावर झाडाला ताण नेमका किती दिवसांनी बसला, हे मातीतला ओलावा देऊन लिही. तुलनेला जेएस 335 हे सोयाबीनचं वाण घेतलं असशील, तर ते का घेतलं तेही सांग. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेतल्या कुणाकडून मसुदा वाचून घेतलास तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. स्पष्टच सांगते, एका हंगामाच्या शेतातल्या निरीक्षणांवर ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ अवघड आहे. आधी आपल्याकडचं ‘प्लांट फिजिऑलॉजी रिपोर्ट्स’ बघ.

गाइडकडे दोन गोष्टी माग, संकोच करू नकोस. त्यांच्याकडे तपासायला पेपर येतो, तेव्हा एडिटरना कळवून तो तुझ्यासोबत तपासावा. आणि लेखकांच्या नावांचा क्रम पेपर पाठवण्याआधीच ठरवावा. याच इंदुरात 1924 साली ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. इथल्या कंपोस्टच्या कामावरचं पुस्तक 1931 मध्ये निघालं, तेव्हा त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचंही नाव आलं. संस्थेचे प्रमुख हॉवर्ड होते, तरीही. मुलांना हे मी आवर्जून सांगते.

प्रश्न : माझा मुलगा खासगी महाविद्यालयात एम.एस्सी. करतो. चांगली जर्नल्स वाचायलाच मिळत नाहीत. काय करावं?
– एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी 2025 पासून सुरू आहे. सुमारे 13,000 जर्नल्स तिच्यात येतात, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. मुलाने दोन वाटा धराव्यात. एक, ‘बायोआर्काइव्ह’वर शोधावं, पुष्कळ पेपर छापण्याआधी तिथे फुकट वाचायला ठेवलेले असतात. दोन, लेखकालाच ईमेल करून प्रत मागावी. दोन ओळी पुरतात : मी कोण, मला हा पेपर कशासाठी हवा. बहुतेक शास्त्रज्ञ आनंदाने पाठवतात.