सही पाहण्याआधी तारखा पाहा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सन यांच्या सहीच्या फोटोचा स्कॅन निरखून पाहिला. पैसे भरू नकोस. जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या मोहिमेच्या नेतृत्वाबद्दल त्यांना १९४३ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि सप्टेंबर १९४४ मध्ये विमान कोसळून ते गेले, अवघ्या २६व्या वर्षी. तुझ्या फोटोवरची सही जाड फेल्ट टिपची दिसते, आणि तसली पेनं तेव्हा कुणाच्या खिशात नव्हती. म्हणून आधी मृत्यूची तारीख बघायची, मग पदकाची, आणि सहीचं वळण सगळ्यात शेवटी.

उलट न्यूझीलंडचे सैनिक चार्ल्स अपहॅम यांचं बघ. व्हिक्टोरिया क्रॉस दोनदा मिळवणारे आजवर तिघेच, त्यांतले ते एक. युद्धानंतर ते १९९४ पर्यंत जगले. त्यांची सही मिळणं निदान शक्य कोटीतलं आहे.

फोटो हातात आला की दिवा बाजूला, अगदी खाली धर आणि भिंग लाव. खरी शाई कागदावर बसलेली असते. तिरप्या उजेडात तिची रेघ वेगळी चमकते, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ती दाट होते. छापील सही भिंगाखाली ठिपक्यांत विरघळते. यंत्राने केलेल्या सहीत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असतो, आणि माणसाचा हात असा कधीच चालत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा लख्ख उजळला, तर तो बहुतेक युद्धानंतरचा असतो. एवढ्यावरून सही खोटी ठरत नाही, पण सही युद्धकाळातली असल्याचा विक्रेत्याचा दावा मात्र कोसळतो.

कुणाच्या नावे लिहून दिलेला फोटो बाजारात अनेकदा स्वस्त मिळतो. मला तोच जास्त आवडतो. एका शब्दाची नक्कल जमते, पूर्ण ओळीची जमवणं फार कठीण.

हयात सैनिकाला लिहिशील तेव्हा आधी त्याचं शौर्यपत्र, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा मजकूर, वाच. व्हिक्टोरिया क्रॉसची शौर्यपत्रं लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात छापलेली असतात. पत्र हाताने लिही, परतीचं पाकीट जोड, एकच फोटो पाठव. ‘किती जणांना मारलंत?’ हे चुकूनही विचारू नकोस. मी एकदा एका वृद्ध सैनिकाला फक्त एवढंच विचारलं होतं, की फोटोत शेजारी कोण उभं आहे. सही पुढे एका कोपऱ्यात, बारीकशी आली. मागे मात्र पेन्सिलने तीन नावं होती, हात थरथरत लिहिलेली, आणि शेवटचं नाव दोनदा गिरवलेलं. तो फोटो मी कधीच विकणार नाही.

पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात काही ठेवू नकोस, लॅमिनेशन तर नकोच. सोबत आलेलं पत्र आणि पाकीट जपून ठेव.

पुढचा फोटो दाखवशील तेव्हा मागच्या बाजूचाही स्कॅन पाठव.

तुझा,
काका