सगळे अ‍ॅटनबरो एकमेकांचे नातेवाईक का?

प्रश्न: डेव्हिड अ‍ॅटनबरोंचे प्राण्यांवरचे कार्यक्रम आमच्याकडे सगळेच बघतात. 'गांधी' सिनेमा काढणारे रिचर्ड अ‍ॅटनबरो त्यांचे सख्खे भाऊ हे कळल्यावर मुलगी विचारते, या आडनावाचे सगळेच लोक नात्यातले असतात का? आणि इंग्लंडमधलं अ‍ॅटनबरो अभयारण्य यांच्याच नावाचं ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अभयारण्याचं आधी सांगतो, ते यांच्या नावाचं नाही, गावाच्या नावाचं आहे. नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो गाव आहे, तिथं खडी-वाळू काढून पडलेल्या खाणींत पाणी साठलं, पक्षी यायला लागले आणि 1966 मध्ये त्याचं अभयारण्य झालं, उद्घाटनाला मात्र डेव्हिडच होते. आडनावही याच गावाचं. आपल्याकडे गाव सोडून गेलेला माणूस 'कर' होतो ना, तसंच, कारण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार! या दोघांचे वडील फ्रेडरिक हे जवळच्याच स्टेपलफर्डचे, म्हणजे इतक्या शतकांनंतरही घराणं फार लांब गेलेलं नव्हतं.

आता मुलीचा प्रश्न, आणि तो खरंच भारी आहे. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाला जातं आणि वाय क्रोमोसोमही (फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र) तसाच जातो, म्हणून लेस्टर युनिव्हर्सिटीच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांच्या 1678 पुरुषांचे वाय क्रोमोसोम तपासले, 2009 मध्ये ते छापून आलं. स्मिथ लोकांचं काहीच जुळेना, कारण लोहारकाम करणारे गावोगाव होते आणि हे आडनाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं सुरू झालं. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहातल्या जवळजवळ नऊ जणांचा क्रोमोसोम एकाच प्रकारचा निघाला, आणि तो प्रकार ब्रिटनमध्ये एरवी कमीच सापडतो, त्यामुळे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. स्पेलिंग थोडं वेगळं लिहिणारेही त्यातच बसले. म्हणजे जवळपास सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज. सुरुवातीला या नावाची दोन-चार घरं असतीलही, पण ज्या घरात नुसत्या मुलीच झाल्या किंवा मुलंच जगली नाहीत तिथं नाव संपतं, आणि आडनाव जितकं दुर्मीळ तितकं शेवटी एकच घराणं उरण्याची शक्यता जास्त. उरलेला दहावा माणूस परका असं मात्र समजू नका, दत्तक घेतलेलं मूल किंवा आईचं आडनाव लावलेला मुलगा असला तरी क्रोमोसोम बदलतो पण घरचा तो घरचाच.

आपल्या 'कर' आडनावांना हा हिशोब लावू नका हं, एकाच गावातून निघालेल्या वेगवेगळ्या जातींच्या घरांनी तेच आडनाव लावलंय. आणि एक, फ्रेडरिक हे लेस्टरच्या ज्या कॉलेजचे प्रिन्सिपल होते, दोघं भाऊ ज्याच्या आवारात वाढले, त्याचीच पुढे ती युनिव्हर्सिटी झाली, जिथल्या लोकांनी हा अभ्यास केला.