लष्कराचा गुप्तवार्ता विभाग म्हणजे फक्त हेरगिरी का, आणि तो कधीपासून आहे?
नाही, हेरगिरी हा या कामाचा लहानसा भाग आहे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक पाहिला, की मुख्य काम उमगते: पाणी किती खोल, तटाची कोणती बाजू कच्ची, आत शिबंदी किती आणि दाणागोटा किती दिवस पुरेल, हे हल्ल्याआधी सेनापतीला कळले पाहिजे, मे १८१८ मध्ये येथे चालून आलेल्या इंग्रज सेनापती मन्रोपुढेही हेच प्रश्न असणार. आता त्यासाठी हवाई छायाचित्रे, टिपलेले बिनतारी संदेश आणि कैद्यांचे जबाब एकमेकांशी ताडून पाहतात, आणि खरे कसब या ताडून पाहण्यातच आहे. शिवकाळात हे काम बहिर्जी नाईक पाहत. भारतीय लष्करातील सध्याचे संचालनालय मात्र १९४१ चे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले आहे. कारगिलनंतर, २००२ मध्ये, तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तचर संस्था स्थापन झाली.